जयाबाईची ओली गादी

बेळगावच्या वडगावात जयाबाईला बहिरी म्हणणारे पुष्कळ आहेत, पण तिच्यासमोर तसं म्हणायची कुणाची छाती नाही. कानानं तिला कमी येतं हे खरं, पण समोरच्याच्या ओठांवरचा शब्द न शब्द तिला वाचता येतो. गल्लीच्या टोकाला दोन बायका हिच्याविषयी कुजबुजल्या, तर ही आपल्या उंबऱ्यावरून त्यांना खणखणीत उत्तर देते. म्हणून तिच्याविषयी काही बोलायचं झालं की लोक तोंडावर पदर धरतात, आणि पदर धरला की जयाबाई ओळखते, विषय आपलाच आहे.

ही विद्या तिला मागानं दिली. लग्न होऊन आली तेव्हा घरात हातमाग होता. पुढे पॉवरलूम आले आणि ती शेडमध्ये साड्या काढायला जाऊ लागली. त्या खडखडाटात माणसाचा आवाज म्हणजे नगाऱ्यापुढे टिमकी. तिच्या शेजारच्या मागावर मालुबाई होती. दोघी तोंडातून आवाजच काढायच्या नाहीत, नुसत्या ओठांनी बोलायच्या. सासूचा जाच, पोरांचे ताप, कुणाचं लग्न कुठं मोडलं, सगळं. मालक दारात उभा राहून कौतुकानं बघायचा, की या दोघी किती मुकाट्यानं काम करतात. आणि त्याच वेळी या दोघी त्याच्याच पोटाच्या घेराविषयी बोलत असायच्या.

माग गेले आणि जाताना दोघींचे कान घेऊन गेले. मालुबाईचा नवरा वारला, तसा तिचा मुलगा रवळू तिला आपल्या गावी कणकुंबीला घेऊन गेला. कणकुंबी काही लंकेत नाही. बेळगावातून जांबोटी गाठावी, पुढे रान दाट होत जातं, त्या रानातच ते गाव. पण मालुबाईचा पाय मोडला, आणि तेव्हापासून ती घर सोडून कुठं जाईना. मग उरला फोन. दोन कान गेलेल्या बायका फोनवर बोलतात म्हणजे काय होतं, ते जयाबाईच्या सुनेनं, माधवीनं, एकदा कानांनी ऐकलं. इकडून "जेवलीस काय गं?" आणि तिकडून "रवळू शेताकडं गेलाय!" माधवीनं व्हिडिओ कॉल लावून दिला, तर कणकुंबीत रेंज अशी की नेमकं ओठ हलायच्या वेळी चित्र गोठायचं. जयाबाईनं फोन परत दिला आणि म्हणाली, "हे मालूचं भूत दिसायलंय. मला मालू बघायची हाय."

मग जायचं की! पण तिथंच तर घोडं पेंड खात होतं. वयाप्रमाणे जयाबाईला सारखं लघवीला जावं लागायचं. तिच्या पिढीतल्या बायकांचा प्रवासाचा एकच नियम होता, आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद. बस थांबेल तिथं बायकांची सोय असेलच असं नाही, आणि असली तरी आत पाय ठेववेल असं नाही. तरुणपणी हा नियम निभावला. अलीकडे खानापूरला एका लग्नात ती कोरड्या घशानं मांडवातच चक्कर येऊन पडली. नवरी बाजूला राहिली आणि सगळा मांडव हिलाच वारा घालू लागला. या शोभेनंतर तिनं घरात जाहीर करून टाकलं, की आता आपण गाडीत बसणार नाही. मालूला बघायचं राहिलं ते राहिलं.

तिचा मुलगा नागेंद्र आधी मागांची दुरुस्ती करायचा. माग कमी झाले, तसा तो उद्यमबागेत गाड्यांच्या बॉडीच्या कामाला लागला. हात चांगला, डोकं त्याहून चांगलं, तोंड तेवढं जरा मोठं. त्यानं एक जुनी ट्रॅव्हलर घेतली आणि तिचं फिरतं घर करायला घेतलं. आत झोपायला गाद्या, छोटा ओटा, नळ, मागच्या कोपऱ्यात संडास. हेतू धंद्याचा होता, घाटात फिरायला येणाऱ्यांना भाड्यानं द्यायची. पण तो संडास बसवताना त्याच्या डोक्यात आई होती. हे त्यानं माधवीला सांगितलं, आईला सांगितलं नाही. आमच्याकडचे मुलगे आईला असलं काही सांगत नाहीत, उगाच तिच्याशी भांडत राहतात.

पाण्याची व्यवस्था त्यानं झकास केली होती. पुढच्या बाकाखाली टाकी, टाकीला बॅटरीवर चालणारा छोटा पंप. नळ सोडला की पंप आपोआप सुरू व्हायचा, नळ बंद केला की पाइपात दाब भरायचा आणि पंप आपोआप थांबायचा. तिथून पाइप गाडीच्या भिंतीनं ओट्याकडे आणि मागे संडासाकडे नेला होता. जयाबाईची गादी भिंतीलगत होती, त्यामुळे पाइप तिच्या उशापासून पायथ्यापर्यंत जायचा. त्यावर प्लायवूड मारायच्या आधी नागेंद्रनं आईला मुद्दाम बोलावून तो दाखवला. घराच्या भिंतीत घालतात तसला कडक पाइप होता. मापाला मिलिमीटर न चुकता कापलेला, वळणावर कोपराच्या आकाराचा जोड चिकटवलेला, जागोजाग क्लॅम्पनं आवळलेला. जयाबाईनं त्याच्यावरून बोट फिरवलं. कुठं झोळ नाही, कुठं सैल नाही. विणकराच्या घरात झोळ ही शिवी असते. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, ढिला पडला की कापड गेलं, हे तिनंच नागेंद्रच्या डोक्यात लहानपणी टपल्या मारून बसवलेलं. "मागावर चढवलेल्या ताण्यागत बसवलाईस की रं!" ती म्हणाली. मायलेक दोघंही खूश झाले. दोघांनाही काही कळलेलं नव्हतं.

गिऱ्हाइकांच्या आधी आईला फिरवायचं असं ठरलं. पहिल्या दिवशी गुंजीला माउली देवीचं दर्शन, तिथंच मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी खानापूर, जांबोटी करून कणकुंबी. जयाबाईनं आधी नाही नाही म्हणून घेतलं, संडासाची कडी आतून लावून पाहिली, पुन्हा एकदा लावून पाहिली, आणि मग तयार झाली.

त्या दिवशी ती किती खुलली होती! खानापूरच्या अलीकडे तिनं तांब्याभर पाणी मागितलं आणि ते घटाघटा प्यायली. मग परत मागितलं. गाडी थांबवायला लावून ती आपल्या आपण मागे जाऊन आली आणि माधवीला म्हणाली, "आगं, राणीला तरी असलं सुख असंल काय?" गुंजीच्या वाटेवर खड्डे होते, गाडी अंगातून पिळवटून निघत होती, पण तिची काही तक्रार नव्हती. देवळात ती माउलीसमोर बराच वेळ बसली. रात्री जेवून, एक पेला पाणी पिऊन, भिंतीकडे तोंड करून झोपली.

सकाळी उठली तेव्हा गादी ओली होती.

आधी तिला वाटलं, हात गार पडलाय. मग तिनं पुन्हा हात फिरवला. कमरेखाली, भिंतीच्या बाजूला, चादर चिंब झाली होती. लुगड्याची मागची बाजूही ओली. नागेंद्र आणि माधवी खाली उतरून चूल-चहाचं बघत होते. जयाबाई तशीच बसून राहिली. वास घेऊन बघावं असं एकदा मनात आलं, पण धाडस झालं नाही. वास आला असता तर मग काही शंकाच उरली नसती.

तिला तिची सासू आठवली. मोठी खमकी बाई होती, अख्खी गल्ली तिला टरकून असायची. तिला असंच एकदा झालं, मग दुसऱ्यांदा झालं, आणि मग तिची गादी मागच्या खोलीत गेली. पाहुणे आले की त्या खोलीचं दार लोटून घ्यायचे. तिचं धुणं जयाबाईनंच धुतलं, कधी तोंड वाकडं केलं नाही, पण आपल्याकडे बघताना सासूचे डोळे कसे खाली जायचे ते तिच्या चांगलं लक्षात होतं. आता ती पाळी आपली, एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहिलं. आणि आपण एवढ्या हौसेनं पाणी प्यायलो त्याचं हे फळ, असंही वाटलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची. तिनं भराभर लुगडं बदललं, ओलं पिशवीच्या तळाशी कोंबलं, गादी उलटी करून कोरडी बाजू वर घेतली आणि त्यावर गोधडी अंथरली. माधवी चहा घेऊन आली, तर ही चहाला नको म्हणाली.

"आत्ती, बरं वाटंना व्हय?"

"मला काय धाड भरलीया? मी म्होरं बसणार. मागं गरम हुतंय."

माधवीनं नवऱ्याला हळूच सांगितलं, आत्तींचं काहीतरी बिनसलंय. शिवाय दुसरंही एक सांगितलं. "रात्री पंप मधनंच घर्र करायचा, आन् थांबायचा. नळ तर सगळे बंद होते." नागेंद्रनं हात झटकला. म्हणाला, "हवा असंल पाइपात. नवीन काम हाय, जाईल." आपल्या कामात खोट निघू शकते हे त्याच्या गावीही नव्हतं. जयाबाईला पंपाचा आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं, आणि हे दोघं बोलले तेव्हा त्यांची पाठ तिच्याकडे होती.

खानापूरपासून जांबोटीपर्यंत ती पुढच्या सीटवर दगडासारखी बसली. एक थेंब पाणी प्यायली नाही. बाहेर रान सुरू झालं, तिकडेही बघितलं नाही. जसजसं कणकुंबी जवळ येत होतं तसतसं तिला पुढचं दिसू लागलं. मालूच्या घरी दुपारी आडवं व्हायला सांगतील. रात्री राहा म्हणतील. मालूच्या सुनेनं अंथरलेल्या गादीवर तसलं काही झालं तर? सगळ्या जन्माची एकच मैत्रीण, आणि तिच्या घरी ही शोभा. त्यापेक्षा न भेटलेलं बरं.

जांबोटीत नागेंद्रनं चहाला गाडी थांबवली, आणि जयाबाई म्हणाली, "गाडी परत फिरव."

"काय?"

"परत फिरव म्हटलं. मला घरला जायाचं हाय."

"आई, आता कणकुंबी हितं पुढं राहिली. मालूमावशी सकाळधरनं दारात बसली असंल. रवळूचा दोनदा फोन आलाय."

"येऊ दे. मला बरं न्हाय."

"मगाशी म्हणालीस धाड भरली न्हाय, आता म्हणतीस बरं न्हाय. काय हुतंय ते तरी सांग!"

ते तेवढं सोडून ती सगळं बोलली. गाडी धक्के देते, तुला चालवता येत नाही, माधवी चहात साखर जास्त घालते. शेवटी म्हणाली, "न्हाय फिरवत? मग मी बसनं जाणार. माझी पिशवी घेते." बसनं! खानापूरच्या मांडवात पडलेली बाई बसनं निघाली. नागेंद्रनं कपाळावर हात मारला आणि तो टपरीकडे गेला. माधवीही त्याच्या मागे गेली, कारण दोघांपैकी कुणीतरी शांत राहणं भाग होतं.

जयाबाई मागच्या दारानं आत चढली. पिशवी गादीच्या कोपऱ्यात भिंतीला लागून होती. ती ओढायला तिनं गोधडीवर हात टेकला, आणि हात ओला झाला.

ती थबकली. सकाळी आपण गादी उलटी केली. वरची बाजू कोरडी होती, गोधडी कोरडी होती. सकाळपासून आपण पुढे बसून आहोत. या गादीवर कुणी बसलेलंसुद्धा नाही. तिनं गोधडी फेकली, गादी उचलून आडवी केली. खालच्या फळीवर, भिंतीच्या कडेला, पाणी साचलं होतं. तिनं पदरानं ते स्वच्छ पुसलं आणि बघत राहिली. थोड्या वेळानं फळी आणि भिंत यांच्या फटीतून एक थेंब आला. मागोमाग दुसरा आला. तो तिनं बोटावर घेतला आणि आता मात्र न भिता नाकाशी धरला. कसलाही वास नव्हता. टाकीतलं साधं पाणी!

मग तिनं तळहात भिंतीच्या प्लायवर टेकवला. मागावर कुठला भाग बिघडलाय हे ती कानानं कधी ओळखत नव्हती, हाताला बसणाऱ्या थरथरीनं ओळखायची. प्लाय आता बारीक थरथरला आणि थांबला. ती थांबून राहिली. पुन्हा थरथरला. पंप चालू होतोय! नळ सगळे बंद, गाडीत कुणी नाही, मग पाणी चाललंय कुठं?

"माझं न्हाय!" जयाबाई मोठ्यांदा ओरडली. "आगं बाई, माझं न्हाय हे!" आणि त्या ओल्या फळीवर बसून ती ढसाढसा रडली. एका सकाळचं ओझं होतं, पण काय ओझं होतं! रडणं संपलं तशी ती दारात आली आणि टपरीकडे तोंड करून तिनं हाक मारली. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती जातो याचा अंदाज नसतो. अर्ध्या जांबोटीनं मान वळवली.

"नागेंद्रा! अरं ये हिकडं! तुझी गाडी मुतायलीया!"

नागेंद्र चहाचा पेला तसाच टाकून पळत आला. त्यानं गादी बघितली, फळी बघितली आणि तोंड पाडून म्हणाला, "आई, माझीच चूक झाली गं." तर आई हसत होती. "व्हय रं बाबा, तुझीच, तुझीच," असं म्हणून तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला. आपल्या चुकीवर आई एवढी खूश का होते आहे हे त्याला समजेना. माधवीला मात्र समजलं. पिशवी बाजूला ठेवताना तिनं तळाचं ओलं लुगडं पाहिलं, आणि ते पिळून दारावर वाळत घातलं.

नागेंद्रनं पंपाचं बटण बंद केलं आणि ओट्याचा नळ सोडून पाइपातला दाब काढून टाकला. प्लायचे स्क्रू काढले. ओलं जिथं दिसत होतं तिथला जोड त्यानं लगेच धरला. "हाच गळतोय."

"गप ऱ्हा," जयाबाई म्हणाली. "पाणी फुटतंय एकीकडं आन् निघतंय दुसरीकडं. आधी सगळं कोरडं कर."

तिनं देवासाठी आणलेला वातींचा कापूस काढला. पाइप सगळा पुसून झाल्यावर पंप पुन्हा सुरू केला, आणि टाकीच्या बाजूनं एकेक जोड कापसानं टिपत ती पुढे सरकत गेली. नागेंद्रनं पकडलेला जोड कोरडाच होता. गळत होतं ते पार उशाकडचं वळण. तिथल्या कोपराला केसाएवढी चीर गेली होती. दाब भरला की ती ओलावायची, पाणी पाइपाच्या पाठीवरून वाहत खाली यायचं, आणि एका क्लॅम्पला अडून बरोबर जयाबाईच्या कमरेशी टपकायचं. जागासुद्धा काय निवडली होती मेल्या पाण्यानं!

"चिकटवताना कमी पडलं असंल," नागेंद्र पुटपुटला.

जयाबाईनं पाइपावर बोट टेकवलं, मग माधवीला गाडीच्या पायरीवर उड्या मारायला लावल्या. गाडी हलली की पत्रा वाकायचा, पण दोन क्लॅम्पांमध्ये आवळलेल्या पाइपाला हलायला जागाच नव्हती. सगळा हिसका कोपराला बसत होता. तिला सगळं एकदम कळलं, आणि ते कबूल करायला ती जराही कचरली नाही.

"आवळलाईस लई. मीच शिकवलं तुला. माग बोल्ट मारून जाग्यावर बसलेला असतोय, तिथं ताण लागतोय. ही चालती वस्तू हाय. हिला सैल सोडाय पाहिजे."

जांबोटीच्या हार्डवेअरच्या दुकानात जाळीचा लवचीक पाइप मिळाला, जोडायचे तुकडे आणि आवळायच्या क्लिपा मिळाल्या. पंक्चरवाल्यानं एक फाटकी ट्यूब फुकट दिली. नागेंद्रनं चिरलेला कोपर दोन्ही बाजूंच्या थोड्या पाइपासकट कापून काढला आणि मधल्या जागेसाठी लवचीक पाइप मोजायला घेतला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. गड्यानं पुन्हा बरोबर मापाला मिलिमीटर न चुकता खूण केली.

"वीतभर जादा घे," आई म्हणाली.

"झोळ पडतोय, आई."

"पडू दे."

"लई वंगाळ दिसतंय गं."

"प्लायच्या मागं कोण बघाय जातंय रं? तू नवरीची साडी विणालास काय?"

वीतभर जादा घेतला. पाइप सैल वळसा घेऊन बसला, आणि विणकराच्या पोराला तो झोळ बघवेना. बाकीच्या क्लॅम्पांखाली त्यानं ट्यूबचे तुकडे घातले, म्हणजे पाइपाला आधार राहील पण तो जखडणार नाही. पाइप पत्र्याच्या ज्या भोकातून पलीकडे जात होता, तिथल्या धारेलाही रबर लावलं, नाहीतर आज ना उद्या पत्र्यानं पाइप कापलाच असता. मग पंप लावला. माधवी कान देऊन बसली आणि जयाबाई तळहात टेकवून. पंप चालला, दाब भरला, थांबला. सगळ्यांचा चहा परत एकदा पिऊन झाला, तरी पंप गप्प होता आणि जोडांना लावलेला कापूस कोरडा होता. "थांबला," जयाबाई म्हणाली. पुढे गाडी चालू असताना पंपाचं बटण बंदच ठेवायचं आणि प्रत्येक मुक्कामाला कापूस फिरवून बघायचा, असा नियम तिथंच झाला.

एवढं होईपर्यंत गादी गाडीच्या टपावर उन्हात पडली होती. ती तिथं टाकायचा हट्ट जयाबाईचा. सकाळी जी गादी तिनं गोधडीखाली लपवली, ती आता अख्ख्या जांबोटीला दिसेल अशी वर पसरली होती. येणारा-जाणारा विचारायचा, आजी, गादी कशानं भिजली? आणि ही छाती पुढे काढून सांगायची, "पाइप फुटला!" कुणी नाही विचारलं तर बोलावून सांगायची. निघायच्या आधी ती दोन पेले पाणी प्यायली.

कणकुंबीत मालुबाई खरंच दारात, खांबाला टेकून बसली होती. केस पांढरेफटक झाले होते, अंग आटलं होतं. जयाबाई गाडीतून उतरली आणि समोर जाऊन उभी राहिली. रवळू पुढे आला, माधवी वाकून पाया पडली, पण दोघी म्हाताऱ्यांना कुणी दिसतच नव्हतं. दोघींचे ओठ हलायला लागले, आणि आवाज म्हणून काही नाही. नागेंद्र लहानपणी शेडमध्ये हे बघत आला होता, पण भोवताली माग नसताना, नुसत्या रानाच्या शांततेत, ते त्याला वेगळंच वाटलं. त्याला तिथं उभं राहवेना, म्हणून तो रवळूला गाडी दाखवायला घेऊन गेला. माधवी आत सुनेला मदत करायला गेली.

जयाबाईनं आधी सगळ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या काढून घेतल्या. मग गादीची गोष्ट सांगितली. सकाळी हात ओला लागला तिथपासून "तुझी गाडी मुतायलीया"पर्यंत, कसलाही आवाज न करता, सगळी. मालुबाई हसली, डोळ्यांना पदर लावून हसली. आणि पदर काढला तेव्हा ती हसत नव्हती.

"माझं खरंच हुतंय, जये," तिचे ओठ म्हणाले.

जयाबाईनं तिच्या मोडलेल्या पायाकडे बोट केलं.

"पाय कवाच बरा झालाय. चालता येतंय मला. ह्या भिजण्यापायी कुठं जात न्हाय."

"रवळूला ठाव हाय?"

"कुणालाच न्हाय. पाय दुखतोय म्हणून सांगत ऱ्हाते. सगळी बिचारी तेल लावत्यात."

सकाळभर आपल्या छातीवर जे होतं ते ही बाई किती दिवस छातीवर घेऊन बसली आहे, ते जयाबाईला पुरतं कळलं. कुणी सांगून कळलं नसतं इतकं कळलं. ती मालुबाईच्या शेजारी बसली आणि तिचा हात आपल्या मांडीवर घेतला.

"बेळगावला चल माझ्यासंगं," ती म्हणाली, तशीच आवाजाशिवाय. "तिथं बायकांची डॉक्टरीण हाय, माधवी घेऊन जाईल. ह्याला औषध असतंय म्हणं. गाडीत संडास हाय. पाहिजे तेवढ्यांदा थांबवू. मी सांगीन थांबव म्हणून."

मालुबाईनं गाडीकडे बघितलं. रवळू आत डोकं घालून नळ सोडून बघत होता आणि नागेंद्र त्याला काहीबाही समजावत होता. तिनं परत जयाबाईकडे तोंड वळवलं.

"आन् गादी भिजली तर?"

"तर पाइप फुटला म्हणायचं," जयाबाईचे ओठ म्हणाले. "नागेंद्र हाय की बोलणी खायाला."

मालुबाई खांबाला धरून उठली, आणि त्या घरात कित्येक दिवसांत ऐकू आला नव्हता असा मोठा आवाज काढून तिनं हाक मारली, "रवळू, माझं चप्पल कुठं हाय बघ रं!"